घरच्या माणसाचा फॉर्म

एम.एस्सी.च्या पहिल्या दिवशी मॅडमनी हजेरीत ‘लिंबानी’ असं नाव पुकारलं, तेव्हा वर्गातल्या कुणी मानसुद्धा वर केली नाही. उल्हासनगरातलं कॉलेज, निम्मा हजेरीपट ‘आनी’ने संपणाऱ्या आडनावांचा. आला असेल आणखी एक सिंधी पोरगा, असं वाटलं. मग शेवटच्या बाकावरून सहा फूट उंचीचा, काळाभोर, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, “प्रेझेंट, मॅडम. हाऊ इज एव्हरीबडी अ‍ॅट होम?”

वर्ग खो खो हसला. तो मात्र उत्तराची वाट बघत उभाच होता. शेवटी मॅडमना सांगावं लागलं की घरी मुलाला ताप आहे. “सॉरी, मॅडम,” तो म्हणाला आणि बसला. तिसऱ्या दिवशी त्याने तापाची चौकशी केली. चौथ्या दिवशी मॅडम स्वतःहूनच सांगायला लागल्या.

तो मलावीचा होता. मलावी कुठे आहे ते आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. मी फोनवर नकाशा काढून बघितला. आफ्रिकेच्या उजव्या अंगाला, एका भल्यामोठ्या तळ्याच्या काठाला चिकटलेला लांबट देश. लिंबानी हे त्याचं आडनाव नव्हतं, नाव होतं. आडनाव उच्चारायच्या भानगडीत आम्ही कधी पडलो नाही. तिकडे एका खेड्यातल्या शाळेत तो विज्ञान शिकवायचा. स्कॉलरशिप मिळाली म्हणून दोन वर्षांची रजा घेऊन आला होता. वय एकतीस. डिग्री घेऊन परत गेला तर वरच्या वर्गांना केमिस्ट्री शिकवायची परवानगी आणि शाळेला प्रयोगशाळा. डिग्रीशिवाय गेला तर ना हे, ना ते, आणि स्कॉलरशिप पुन्हा मिळायची नाही. हे त्याने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, अगदी सरळ, जसं आपण ब्लड ग्रुप सांगतो तसं.

विचारपूस ही त्याची सवय नव्हती, तो त्याचा धर्मच होता म्हणा. कामाचं बोलायच्या आधी घरचं विचारायचं, मग ते कुणीही असो. शेअर रिक्षावाला ‘चौथी सीट, चौथी सीट’ ओरडतोय आणि हा आत बसायच्या आधी विचारतोय, “बॉस, घर पे सब ठीक?” आमच्या ऑफिसातल्या क्लार्कबाईंना सगळं कॉलेज टरकून असायचं. बोनाफाईड मागायला गेलं की त्या आधी पाच मिनिटं झापत आणि मग ‘उद्या या’ म्हणत. लिंबानीला त्यांनी पहिल्या खेपेलाच बोनाफाईड दिलं, वर डब्यातला अर्धा पराठा दिला. त्याने त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली होती. सतरा वर्षांत कुणी केली नव्हती, असं त्या नंतर मला म्हणाल्या.

मी त्याला एकदा चिडवलं, “तू काय जनगणनेला आलायस का?” तेव्हा त्याने मला त्याच्या भाषेतला नमस्कार शिकवला. ‘मुली ब्वांजी?’ म्हणजे कसे आहात? समोरच्याने म्हणायचं, ‘न्दिली ब्विनो, काया इनू?’ म्हणजे मी बरा, आणि तुम्ही? मी विचारलं, “आणि बरा नसलो तर?” तो म्हणाला, “तरी आधी हेच. सिक मॅन ऑल्सो. पहले बोलने का, मैं ठीक, आप कैसे. उसके बाद अपना दर्द बोलने का.” उत्तरच दिलं नाही असं तिकडे होत नाही, म्हणाला. तशी पद्धतच नाही.

त्याच्याबरोबर रस्त्याने चालणं सोपं नव्हतं. उल्हासनगरच्या बाजारात दर पन्नास पावलांवर कुणीतरी सेल्फी मागायचं. केसांना हात लावायचं. कुणी मागून ‘ए काल्या’ म्हणून पळायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तो मात्र प्रत्येक सेल्फीवाल्याला सांगायचा, “फोटो बाद में. पहले नाम. घर में कौन-कौन है?” निम्मे तिथेच ओशाळून निघून जायचे. उरलेल्यांना नाव सांगावं लागायचं, आईचं दुखणं सांगावं लागायचं, आणि तोवर फोटोची मजा गेलेली असायची. एकदा मी म्हणालो, “तुला राग येत नाही का रे?” “येतो,” तो म्हणाला. “मग मी तो कुठे ठेवू, दोस्त?”

तो कॅम्प पाचमध्ये एका जीन्सच्या कारखान्यामागच्या खोलीत राहायचा. कारखान्याचे शेठ म्हणजे त्याचे घरमालक. नाव ऐकून त्यांनी आधी विचारलं होतं, “लिंबानी? अपने में से किसका बेटा है?” प्रत्यक्षात बघितल्यावर त्यांनी भाडं थोडं वाढवून सांगितलं, आगाऊ घेतलं आणि त्याच दिवशी संध्याकाळी दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्याचा फॉर्म भरला. परदेशी माणूस घरात ठेवला की मालकाने चोवीस तासांत ऑनलाइन कळवायचं असतं, तो फॉर्म. “धंदे का उसूल है, भाई,” शेठ म्हणाले. त्या माणसाने लिंबानीला वर्षभरात चहासुद्धा विचारला नसेल. पण फॉर्म भरला. हे मी मुद्दाम सांगतोय.

त्या खोलीत एक लोखंडी ट्रंक होती. कॉलेजच्या लॅबमधली टवके उडालेली, टाकून द्यायची काचसामग्री लिंबानी लॅब असिस्टंटकडून मागून आणायचा. टोक तुटलेलं ब्युरेट, म्हणजे द्रव मोजायची लांब काचनळी, चोच गेलेलं बीकर, तडा गेलेलं मोजपात्र. शेठच्या कारखान्यातल्या जीन्सच्या कातरणीत एकेक वस्तू गुंडाळून तो ट्रंकेत ठेवायचा. माझ्या शाळेतल्या पोरांनी ब्युरेट फक्त पुस्तकातल्या चित्रात बघितलंय, म्हणायचा. मी म्हणालो, “अरे, तुटलेलं आहे हे.” त्यावर तो म्हणाला, “चित्रापेक्षा बरं.”

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला घरी आणलं. आमचं घर अंबरनाथ पूर्वेला, दोन खोल्या आणि गॅलरी. पप्पा एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. आईने दार उघडून ‘जयभीम’ म्हटलं, आणि याने “जयभीम, आई. घरी सगळे बरे आहेत ना?” असं तिच्याच घरात तिला विचारलं. मी एका आठवड्यात घोटवून घेतलेलं वाक्य होतं ते. आई हसून हसून बेजार झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने आम्हाला जेवू घातलं. मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा आणि लाल माठाची भाजी. आम्ही जमिनीवर बसलो. जेवायच्या आधी तो तांब्या आणि परात घेऊन पप्पांसमोर आला आणि हातावर पाणी घालायला त्याने उभ्यानेच तांब्या उचलला.

पप्पांनी हात झटकन मागे घेतले. “ठेव. खाली ठेव तो तांब्या.”

त्यांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. लिंबानी तसाच थबकला. सगळ्यांत आधी आईच्या लक्षात आलं. पप्पा लहान असताना गावच्या आडावर त्यांना ओंजळ धरून उभं राहावं लागायचं आणि वरून कुणीतरी पाणी ओतायचं, त्याला मर्जी झाली तर. आम्हाला हे माहीत होतं, पण घरात कुणी बोलत नसे. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिंबानीला सांगितलं. त्याने तांब्या जमिनीवर ठेवला. मग तो स्वतः पप्पांपेक्षाही खाली वाकून, गुडघे टेकून बसला आणि म्हणाला, आमच्या घरी सगळ्यात लहान माणूस सगळ्यात मोठ्या माणसाच्या हातावर पाणी घालतो. ज्याचे हात पहिले धुतले जातात तो घरातला मोठा. तुम्हाला नको असेल तर मी नाही घालणार.

पप्पांनी तांब्याकडे बघितलं. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले. “घाल,” म्हणाले. पाणी घालून झाल्यावर आईने पंचा दिला, तो त्यांनी घेतला नाही. ओल्या हातांनीच जेवले.

संध्याकाळी पप्पा मला म्हणाले, “त्या कारखान्यामागं कशाला राहतो तो? त्याला इकडे आण.” मी म्हणालो, त्याला भाडं द्यायचं असेल. “थोबाडीत खाशील,” पप्पा म्हणाले.

पुढच्याच रविवारी तो आला. ट्रंक पलंगाखाली गेली. गॅलरीत त्याची गादी. रोज रात्री जेवणाआधी पप्पांच्या हातावर पाणी. पप्पा पहिल्या पाळीहून आले की दारातूनच ओरडायचे, “मुली ब्वांजी?” आणि आतून आवाज यायचा, “न्दिली ब्विनो! काया इनू?” शेजारच्या काकूंनी आधी नाक मुरडलं होतं. महिन्याभरात त्याच त्याला सुनेच्या बाळंतपणाची खबर द्यायला लागल्या.

आल्याच्या दिवशीच त्याने फॉर्मचा विषय काढला होता. मी पप्पांना समजावून सांगितलं की मालकाने माहिती द्यायची असते, ती पोलिसांकडे जाते.

“मालक?” पप्पा म्हणाले. “मी काय लॉजवाला आहे का? भाडेकरूचा फॉर्म असतो. घरच्या माणसाचा फॉर्म कसला भरायचा?”

“पप्पा, नियम आहे.”

“माझ्या आज्याला दुसऱ्या गावी जायचं तर पाटलाला सांगून जावं लागायचं. कुठे चाललास, किती दिवस, कुणाकडे उतरणार. आता मी माझ्या घरात जेवणाऱ्या माणसाची वर्दी पोलिसांत देऊ? काळा आहे म्हणून? गोरा असता तर मागितला असता का रे फॉर्म?”

गोऱ्याचाही मागितला असता. पण मी ते बोललो नाही. खरं सांगायचं तर मला त्या वेळी पप्पांचा अभिमान वाटला होता. इतका अभिमान, की फॉर्म भरायला नको हेसुद्धा पटल्यासारखं झालं. लिंबानीला मी सांगितलं, “म्हातारा ऐकत नाही. करतो मी काहीतरी.” दिवाळीनंतर त्याने मला पुन्हा आठवण केली. मी म्हणालो, “करतो रे.” पप्पांच्या नावाने लॉगिन काढायचं, त्यांचं आधार लावायचं, बस. लॅपटॉप माझाच होता. पण पप्पांना कळलं तर काय म्हणतील, आणि परीक्षा होती, आणि उद्या करू. त्याच्या रीतीत यजमानाच्या फार मागे लागायचं नसतं.

फेब्रुवारीत त्याच्या व्हिसाची मुदत वाढवायचा अर्ज करायची वेळ आली. शेवटची सेमिस्टर सुरू झाली होती. प्रोजेक्ट अर्धा झाला होता. अर्जात राहण्याचा पत्ता आणि त्याचा पुरावा हवा. तो लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ बसला आणि तिसऱ्यांदा म्हणाला, “दोस्त, पप्पांचा फॉर्म?”

तेव्हा मी जे बोललो ते असं: “अरे, शेठनी भरलेल्या फॉर्मचा कागद आहे ना तुझ्याकडे? जुनाच पत्ता टाक. कोण येतंय बघायला.”

त्याने माझ्याकडे बघितलं. “शुअर?”

“टाक रे बिनधास्त. इथे सगळे असंच करतात.”

त्याने टाकला. माझ्यावर विश्वास ठेवून टाकला. आपल्याकडे हे असंच चालतं हे मी ज्या ऐटीत सांगितलं, ती ऐट आठवली की अजून माझी मलाच लाज वाटते.

कुणीतरी बघायला गेलं. एक हवालदार पंधरा दिवसांनी कॅम्प पाचमधल्या त्या खोलीवर गेला. तिथे तोवर कापड कापायचं मशिन बसलं होतं. शेठनी खरं ते सांगितलं. तो तर दिवाळीतच गेला. कुठे गेला, माहीत नाही.

मुंबईतल्या व्हिसाच्या ऑफिसातून ईमेलवर पत्र आलं. पत्ता खोटा, राहण्याची नोंद नाही, अर्ज नामंजूर. पंधरा दिवसांत देश सोडायचा. परीक्षा सव्वादोन महिन्यांवर होती.

पप्पांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाले, “भर. आत्ता भर.” आम्ही फॉर्म भरला. अकरा मिनिटं लागली. पोचपावतीसुद्धा आली.

दुसऱ्या दिवशी पप्पांनी कंपनीत रजा टाकली आणि आम्ही तिघे त्या ऑफिसात गेलो. पप्पांनी विहारात जायचा पांढरा सदरा घातला होता. साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्याने आम्हाला बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं. लिंबानीने त्यालाही आधी विचारलं, “सर, घर पे सब ठीक?” साहेबाने फाइलमधून मान वर केली, क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि परत फाइल चाळायला लागला. उत्तर दिलं नाही.

पप्पा हात जोडून उभे राहिले. आयुष्यात कुणापुढे हात जोडणार नाही म्हणणारा माणूस. “साहेब, चूक माझी. त्याने सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. मला काय दंड करायचा तो करा. पोराची परीक्षा होऊ द्या.”

“काका, दंडाचा प्रश्न नाही. तुम्ही मालक होतात, कळवायला हवं होतं.”

“तो घरातलाच आहे, साहेब.”

“नातं काय?” साहेबाने विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता.

साहेब लिंबानीकडे वळला. फॉर्म वेळेत भरला नाही, ते एक वेळ समजू शकतो, म्हणाला. पण अर्जात पत्ता खोटा दिलास, ते कसं सोडायचं? “हा पत्ता टाकायला तुला कुणी सांगितलं?”

मी पप्पांच्या मागे उभा होतो. लिंबानीने मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

“मायसेल्फ, सर,” तो म्हणाला.

मी तोंड उघडलं नाही. ना तिथे, ना बाहेर पायऱ्यांवर, ना घरी. घरी आल्यावर पप्पा भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, “माझ्या हट्टापायी पोराचं वाटोळं झालं.” आई म्हणाली, “तुम्ही वाईट हेतूने थोडंच केलं.” मी पाणी प्यायला आत गेलो. पप्पा आजही समजतात की ते सगळं त्यांच्या हट्टामुळे झालं. फॉर्मची चूक कदाचित निस्तरता आली असती. पत्त्याची नाही. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदाच लिहितोय, आणि पप्पा वाचत नाहीत हे मला माहीत आहे म्हणून लिहितोय.

मॅडमनी धडपड केली. क्लार्कबाई तर रडल्या, आणि नियमात बसतील-न बसतील असे चार दाखले टाइप करून दिले. कशाचा उपयोग झाला नाही. पासपोर्टवर देश सोडायचा शिक्का बसल्यावर दोन वर्षं परत येता येणार नव्हतं, आणि स्कॉलरशिप तर तेव्हाच संपली.

जाताना ट्रंक वजनात बसेना. लिंबानीने ती उघडली, कातरणीत गुंडाळलेलं एक ब्युरेट काढलं, बॅगेत घालून बघितलं, परत काढून ट्रंकेत ठेवलं आणि झाकण लावलं. ट्रंक अजून आमच्या पलंगाखाली आहे. मी आता एमआयडीसीतच एका लॅबमध्ये आहे. तिथे ब्युरेटला जरा टवका उडाला की कचऱ्यात जातं. मी उचलून आणत नाही. कुणासाठी आणू?

पोचल्यावर त्याचा एक मेसेज आला होता, सुखरूप पोचलो, एवढाच. मी लांबलचक माफी लिहून पाठवली. ती त्याने वाचली. निळ्या खुणा दिसल्या. नंतरच्या मेसेजना एकच खूण येते. जगात सगळ्यांच्या घरचं विचारणारा हा माणूस आता मला काही विचारत नाही. शाळेत परत घेतलं का, घेतलं तर काय शिकवतो, काही कळायला मार्ग नाही. आई अजून अधूनमधून मक्याचं पीठ आणते आणि त्याचा घाटा न करता भाकरी करते.

तो गेला त्या दिवशी दुपारी बिल्डिंगखाली टॅक्सी उभी होती. शेजारच्या काकू आल्या होत्या, वॉचमन बॅग ठेवत होता. लिंबानी आईच्या पाया पडला. पप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. मी मिठी मारायला पुढे झालो, तर त्याने उजवा हात पुढे केला, डावा हात उजव्या कोपराला लावून. वडीलधाऱ्यांना किंवा परक्यांना करायचा तसा. आम्ही दोघांनी ते आपसात कधीच केलं नव्हतं.

तो मागच्या सीटवर बसला. त्या दिवशी त्याने कुणालाही काही विचारलं नव्हतं, वॉचमनलाही नाही. टॅक्सी सुरू झाली, तसे पप्पा पुढे झाले, खिडकीपाशी वाकले, आणि नेहमी दारातून ओरडायचे त्याच सुरात म्हणाले, “मुली ब्वांजी?”

लिंबानीने त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांच्या खांद्यावरून मागे माझ्याकडे बघितलं, चांगलं क्षणभर. मग समोर बघायला लागला. टॅक्सी वळून गेली.

पप्पा कितीतरी वेळ तसेच वाकून उभे होते. सरळ झाल्यावर मला म्हणाले, “गाडीच्या आवाजात ऐकू गेलं नसेल त्याला.”

मी म्हणालो, “हो, पप्पा. नसेल गेलं.”

काच पूर्ण खाली होती.